तिसरे कर्ज देणाऱ्याची जबाबदारी

महाराष्ट्रातल्या एखाद्या गावात सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याने तीन लाख रुपयांपर्यंतचे पीक कर्ज घेतले आणि मुदतीत फेडले, तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे त्याला व्याज पडत नाही. शिवाय फेडही पीक हाती आल्यावर, वर्षातून एकदा करायची असते. त्याच गावातली भूमिहीन बाई मायक्रोफायनान्स कंपनीकडून, म्हणजे गरिबांना विनातारण लहान कर्जे देणाऱ्या कंपनीकडून, चाळीस हजार रुपये घेते, तेव्हा तिला वर्षाला २४ टक्क्यांच्या आसपास व्याज द्यावे लागते, हप्ते जवळजवळ लगेचच सुरू होतात, आणि गटातल्या दुसऱ्या एखादीचा हप्ता चुकला तर तो भरून देण्याची हमीही बहुतेक वेळा तिने दिलेली असते. शेतकऱ्याची सवलत काढून घ्यावी असे मला मुळीच सुचवायचे नाही. कोरडवाहू शेतीचे हाल पाहिलेला कोणीही तसे म्हणणार नाही. पण एकाच गावातली ही दोन कर्जे शेजारी ठेवून पाहिली, की गरिबाला कर्ज देण्याच्या आपल्या व्यवस्थेने जोखीम कोणाच्या खांद्यावर ठेवली आहे, हे स्पष्ट दिसते. मला या लेखात बोलायचे आहे ते या जोखमीबद्दल.

मायक्रोफायनान्सवरची आपल्याकडची चर्चा बहुतेक वेळा व्याजदरापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. २४ टक्के हा दर ऐकायला जबर वाटतो आणि मोठ्या कर्जदाराच्या तुलनेत तो आहेही जबर. मात्र गावातला खाजगी सावकार शेकडा तीन किंवा शेकडा पाच म्हणतो तेव्हा तो दरमहा बोलत असतो, म्हणजे वर्षाला ३६ किंवा ६० टक्के. कंपनी स्वतः बँकेकडून व्याजाने पैसे उचलते, त्यावर गावोगाव फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांचा पगार आणि बुडणाऱ्या कर्जांची तरतूद चढते. चाळीस हजारांच्या कर्जासाठी जेवढ्या फेऱ्या माराव्या लागतात, तेवढ्याच चार लाखांच्या कर्जासाठी लागतात. त्यामुळे लहान कर्ज महाग पडणार, हे नाकारण्यात अर्थ नाही. या धंद्यातली खरी लबाडी बराच काळ वेगळ्याच ठिकाणी होती. ‘फक्त बारा टक्के’ असे सांगून सुरुवातीच्या पूर्ण मुद्दलावर वर्षभर सपाट व्याज आकारले जाई. मुद्दल दर आठवड्याला फिटत असल्यामुळे घटत्या शिलकीवर तो दर प्रत्यक्षात २२-२३ टक्क्यांच्या आसपास जातो, आणि हा हिशेब कर्ज घेणाऱ्या बाईला कोणी समजावून सांगत नसे.

दर कमी झाला तर किती फरक पडेल, हे मात्र आकड्यांत पाहावे. चाळीस हजारांचे कर्ज २४ टक्क्यांनी, घटत्या शिलकीवर, दोन वर्षांच्या मासिक हप्त्यांनी फेडायचे असेल तर हप्ता सुमारे २,११५ रुपये येतो. दर निम्म्यावर आणून १२ टक्के केला, तर तोच हप्ता सुमारे १,८८३ रुपये होतो. महिन्याला २३२ रुपये वाचतात आणि दोन वर्षांत साडेपाच हजारांच्या जवळपास. ही रक्कम लहान नाही. मजुरीवर जगणाऱ्या घरात त्यातून कित्येक दिवसांचा किराणा भरतो. तरीही ज्या घराला २,११५ रुपयांचा हप्ता झेपत नाही, त्याला १,८८३ रुपयांचाही झेपत नाही. ते घर मोडते ते एकाच वेळी असे तीन-चार हप्ते चालू असल्यामुळे, आणि ते हप्ते घरात पैसा येण्याच्या वेळांशी जुळत नसल्यामुळे. दर कमी व्हावा यासाठी जरूर भांडावे, पण तेवढ्याने प्रश्न सुटेल असे समजू नये.

वेळा जुळणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या दोन भागांवरून समजेल. कोल्हापूरकडे दोन म्हशी पाळणाऱ्या बाईच्या हातात दर दहा दिवसांनी दूधबिल येते. तिला आठवड्याचा किंवा पंधरवड्याचा हप्ता फारसा जड जात नाही. म्हैस भाकड असते तेवढ्या महिन्यांचा अपवाद. बीडकडे ऊसतोडणीला जाणाऱ्या जोडप्याचे गणित अगदी उलटे असते. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल हीच त्यांची वर्षातली मोठी रोख रक्कम. दिवाळीच्या सुमारास ती माणसे गाव सोडतात, कारखान्याच्या फडावर पाच-सहा महिने राबून ती उचल फेडतात, आणि परत येतात तेव्हा पुष्कळदा हातात फारसे काही उरलेले नसते. या जोडप्यातल्या बाईला बारमाही समान हप्त्याचे कर्ज देणे म्हणजे तिला दुसऱ्या कोणाकडून तरी उसने घ्यायला लावणेच आहे. कर्ज देणाऱ्याला ती ऊसतोड मजूर आहे हे ठाऊक असते, ती केव्हा गावाबाहेर असणार हेही ठाऊक असते, तरी हप्त्यांचा तक्ता मात्र दोघींना एकच दिला जातो.

हा तक्ता आला कुठून, हे पाहण्यासारखे आहे. १९७४ साली अहमदाबादमध्ये इलाबेन भट यांच्या पुढाकाराने सेवा बँक उभी राहिली, ती फेरीवाल्या, भाजीवाल्या, हातगाडी ओढणाऱ्या बायकांच्या दहा-दहा रुपयांच्या भागभांडवलातून. पुढच्याच वर्षी मुंबईत प्रेमा पुरव यांनी गिरणी कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. १९७६ मध्ये बांगलादेशात चितगावजवळच्या जोब्रा गावात मुहम्मद युनूस यांनी ४२ जणांना मिळून २७ डॉलरच्या आसपास रक्कम स्वतःच्या खिशातून दिली. बांबूचे स्टूल विणणाऱ्या ज्या बायका व्यापाऱ्याकडून कच्चा माल उधार घेऊन त्यालाच पडत्या भावात स्टूल विकत, त्यांना त्या फासातून सोडवण्यासाठी. या तिन्ही ठिकाणच्या कर्जदार बायकांचा धंदा कर्जाच्या आधीपासून चालू होता. भाजीवाली सकाळी माल घेते आणि संध्याकाळी पैसे मोजते; तिला रोजचा हप्ताही परवडतो. छोटे कर्ज आणि झटपट परतफेड ही पद्धत या बायकांच्या जगण्यातून निघालेली होती आणि तिथे ती शहाणपणाची होती. १९८३ मध्ये युनूस यांच्या कामातून उभी राहिलेली ‘ग्रामीण बँक’ कायद्याने बँक झाली, २००६ मध्ये तिला आणि युनूस यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि तोवर ही पद्धत जगभर पसरली होती. ती अशा घरांतही गेली जिथे रोजची उलाढाल नाही, विकायला माल नाही, आहे ती फक्त मजुरी, आणि तीही कामाच्या दिवसांपुरती. पद्धत तीच राहिली, माणसे वेगळी होती. त्याबरोबर एक गृहीतकही पसरले, की प्रत्येक गरीब बाई ही मुळात उद्योजक असते आणि तिला फक्त भांडवल हवे असते.

या गृहीतकाची कसून तपासणी हैदराबादमध्ये झाली. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातल्या १०४ वस्त्या निवडल्या आणि त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत, चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने ठरवून, स्पंदना या मायक्रोफायनान्स संस्थेला आधी शाखा उघडायला लावल्या. काही वर्षांनी दोन्ही प्रकारच्या वस्त्यांची तुलना केली तेव्हा आधीपासून धंदा असलेल्यांनी तो थोडा वाढवला होता, काही घरांनी टिकाऊ वस्तू घेतल्या होत्या, पान-तंबाखू-चहासारखा खर्च थोडा कमी केला होता. परंतु मुलांच्या शिक्षणावर, आरोग्यावर किंवा घरातल्या निर्णयांत बाईच्या शब्दाला असलेल्या वजनावर मोजता येईल असा परिणाम झालेला नव्हता. बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को इथल्या अभ्यासांतून साधारण हेच चित्र पुढे आले, आणि २०१५ मध्ये हे सहाही अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले. थोडा लाभ आहे, कायापालट नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

कित्येकांनी या निष्कर्षांचा अर्थ ‘मायक्रोफायनान्स फसले’ असा लावला. मला तो अर्थ मान्य नाही. गरीब घराची मिळकत कमी असते हे खरे, पण त्याहून जास्त छळणारी गोष्ट ही असते की मिळकत थेंबाथेंबाने येते आणि खर्च मात्र एकदम अंगावर येतात. इस्पितळाची अनामत रक्कम, जूनमधली शाळा-कॉलेजची फी, पावसाआधी बदलायचे पत्रे, लग्न, मयत. मध्यमवर्गीय माणूस अशा वेळी मुदत ठेव मोडतो, भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढतो किंवा क्रेडिट कार्ड पुढे करतो. त्याला कोणी विचारत नाही की या पैशातून उत्पन्न किती वाढणार आहे. गरीब बाईने तेच केले तर मात्र तिने कर्जाचा ‘गैरवापर’ केला असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०११ च्या नियमांत तर कंपन्यांनी बहुतांश कर्ज उत्पन्नवाढीसाठीच द्यावे अशी अट होती. त्यामुळे अर्जावर ‘शेळीपालन’ किंवा ‘शिलाई मशीन’ लिहायचे आणि पैसे दवाखान्यात भरायचे, असा रिवाज पडला. देणाऱ्याला आणि घेणारीला दोघांनाही खरे काय ते माहीत असे. २०२२ च्या नियमांनी कर्जाच्या कारणाची ही अट काढून टाकली, हे चांगले झाले. गरज खरी असेल तर ती खऱ्या नावाने सांगता यायला हवी, कारण तसे झाले तरच फेड कशातून होणार हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारता येतो. शेळीपालनासाठी घेतलेले कर्ज शेळ्या विकून फिटेल असे म्हणता येते. आजारपणासाठी घेतलेले कर्ज मजुरीतूनच फेडावे लागते.

धंद्यासाठी घेतलेल्या कर्जालाही हा ताठर तक्ता मारकच ठरतो. कोलकात्यात एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही गटांना पहिला हप्ता सुरू होण्याआधी दोन महिन्यांची सवड दिली, बाकीच्यांना नेहमीप्रमाणे दोन आठवड्यांत हप्ता सुरू केला. सवड मिळालेल्या बायकांनी धंद्यात जास्त पैसे घातले आणि तीन वर्षांनंतर त्यांचा नफा दुसऱ्यांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होता. ज्या बाईला पंधराव्या दिवशी हप्ता भरायचा आहे ती कर्जातलेच चार पैसे बाजूला काढून ठेवते. सहा महिन्यांनी फळ देणारी गुंतवणूक करण्याचे धाडस ती करू शकत नाही. पण याच प्रयोगात सवड मिळालेल्यांपैकी थकबाकीदारही वाढले, कारण धाडस केले की काहींचे बुडणारच. इथे या धंद्याचे मर्म उघड होते. ताठर हप्ता कंपनीची जोखीम कमी करतो, आणि त्याची किंमत कर्जदार बाई आपल्या न वाढलेल्या धंद्यातून मोजते. नव्वद-पंचाण्णव टक्क्यांहून अधिक परतफेड ही या क्षेत्राची अभिमानाची बाब म्हणून सांगितली जाते. ती परतफेड कशाच्या जोरावर झाली, हे त्या आकड्यात दिसत नाही.

बहुतेक ठिकाणी ती गटाच्या जोरावर होते. पाच ते दहा बायकांचा गट, प्रत्येकीला वेगळे कर्ज, आणि सगळ्यांना एकमेकींची हमी. जिच्याकडे गहाण ठेवायला जमीन नाही, सोने नाही, तिला या रचनेमुळे पत मिळाली, हे या पद्धतीचे मोठे ऐतिहासिक काम आहे आणि त्याबद्दल कृतज्ञ असायला हवे. पण तारणाच्या जागी इथे आले ते शेजारणींचे संबंध. एखादीचा हप्ता आला नाही तर हप्ते गोळा करण्याची गटाची मीटिंग उठत नाही. बाकीच्या बायका, ज्यांची स्वतःची मजुरी त्या वेळात बुडत असते, तिच्या दारात जाऊन बसतात. कंपनीच्या माणसाला आवाज चढवावा लागत नाही, कारण ते काम गल्लीतल्याच बायका करतात आणि त्यासाठी त्यांना कोणी पगार देत नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम सांगतो की कंपनीच्या कर्मचाऱ्याने सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी जाऊ नये, धमकी देऊ नये, अपमान करू नये. शेजारीण रात्री नऊ वाजता दारात येऊन जे बोलते ते कोणत्याही नियमाच्या कक्षेत येत नाही. एका आजारपणाने एक घर अडचणीत येते आणि हमीमुळे गल्लीतल्या पाच घरांचे बोलणे तुटते, हा तोटा कोणत्याही ताळेबंदात दाखवला जात नाही.

ही हमी नसेल तर कर्ज बुडेल, असे कंपन्या म्हणतात. फिलिपिन्समध्ये झेवियर जिने आणि डीन कार्लन यांनी तिथल्या एका बँकेच्या चालू केंद्रांपैकी काहींमध्ये सामूहिक हमी काढून टाकली, मीटिंग मात्र पूर्वीसारखीच ठेवली. तीन वर्षांत थकबाकी वाढली नाही. बोलिव्हियातली बँकोसोल गट-कर्जापासून सुरू झाली आणि हळूहळू वैयक्तिक कर्जाकडे वळली. खुद्द ग्रामीण बँकेने १९९८ च्या महापुरात कर्जदारांची झालेली दैना पाहून आपली पद्धत बदलली. कर्जाची पुनर्रचना करण्याची सोय आणि ऐच्छिक बचत यांना त्यात मोठे स्थान मिळाले. मुळात हमी ज्या काळी आवश्यक होती, त्या काळी कर्जदाराची माहिती मिळवण्याचा दुसरा मार्गच नव्हता. आज आधार आहे, बँक खाते आहे, पतमाहिती कंपन्यांकडे प्रत्येक मायक्रोफायनान्स कर्जाची नोंद आहे. माहितीसाठी शेजारणींना वेठीला धरण्याचे कारण आता उरलेले नाही. सामूहिक हमीची अट नियमानेच बंद करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मीटिंग आणि परस्परांचा आधार हवा असेल तर तो ऐच्छिक राहू द्यावा.

जोखीम देणाऱ्यावर नसली की काय होते, हे आंध्र प्रदेशाने २०१० मध्ये पाहिले. तिथे सरकारी पाठबळाचे बचत गट मोठ्या संख्येने होते आणि त्याच बायकांना खाजगी कंपन्याही कर्ज देत होत्या. २००६ मध्ये कृष्णा जिल्ह्यात कंपन्यांच्या वसुलीवरून प्रकरण चिघळले, तेव्हा धोक्याची सूचना मिळाली होती. तरी विस्तार वाढतच गेला. मेक्सिकोतल्या कोम्पार्तामोस या मायक्रोफायनान्स बँकेच्या जुन्या भागधारकांनी २००७ मध्ये शेअर विकून प्रचंड पैसा कमावलेला सगळ्यांनी पाहिला होता; ती संस्था कर्जदारांकडून वर्षाला ८० टक्क्यांहून जास्त व्याज घेत होती आणि युनूस यांनी त्यावर उघड टीका केली होती. भारतात एसकेएस मायक्रोफायनान्सचे शेअर २०१० च्या उन्हाळ्यानंतर ९८५ रुपयांच्या भावाने विकले गेले आणि त्यांच्यावर गुंतवणूकदारांच्या उड्या पडल्या. काही आठवड्यांतच आंध्रात कर्जबाजारी झालेल्या बायकांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या आणि ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून वसुलीवर कडक निर्बंध घातले. राज्यातली परतफेड जवळजवळ थांबली. रिझर्व्ह बँकेची मालेगाम समिती नेमली गेली, तिच्या अहवालानंतर २०११ मध्ये या कंपन्यांसाठी वेगळा वर्ग, व्याजदराची कमाल मर्यादा आणि एका कर्जदाराला किती कंपन्या कर्ज देऊ शकतील याचे बंधन आले.

त्या अध्यादेशामागचा राग समजण्यासारखा होता, पण त्याचे परिणाम आंध्रापुरते राहिले नाहीत. एमिली ब्रेझा आणि सिंथिया किनन यांनी पुढे दाखवून दिले, की आंध्रात पैसे अडकलेल्या कंपन्यांनी इतर राज्यांतही कर्जवाटप आखडते घेतले, आणि ज्या जिल्ह्यांत या कंपन्यांचे काम जास्त होते तिथे मजुरांची रोजंदारी घसरली. ज्यांनी कधी एक रुपयाही उचललेला नव्हता अशा शेतमजुरांनाही त्याची झळ बसली, कारण गावातली उलाढालच मंदावली. नोटाबंदीनंतर २०१६-१७ च्या हिवाळ्यात विदर्भात मायक्रोफायनान्सची कर्जे माफ करा म्हणून मोर्चे निघाले. हातात रोख नसताना हप्ता मागितला जात होता, त्यामुळे बायकांचा संताप रास्त होता. पण खाजगी कंपनीचे कर्ज माफ करण्याचा अधिकार मोर्चाला आश्वासन देणाऱ्या कोणत्याही पुढाऱ्याकडे नव्हता. ज्या बायकांनी त्या आश्वासनावर विसंबून हप्ते थांबवले त्या पतनोंदीत थकबाकीदार ठरल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटकानेही जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला. संकट आले की अध्यादेश, निवळले की पुन्हा विस्तार, या फेऱ्यातून आपण बाहेर पडलेलो नाही, कारण कर्ज देतानाच्या क्षणाकडे आपण लक्ष देत नाही.

त्या क्षणासाठी आज एक नियम आहे. १ एप्रिल २०२२ पासून, वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण दिलेले कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स कर्ज, अशी व्याख्या सर्व बँकांना आणि कंपन्यांना लागू झाली. व्याजदराची कमाल मर्यादा उठली. आणि त्याऐवजी, कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत, असे बंधन आले. नियमाची दिशा बरोबर आहे. पण महिन्याला १२,००० रुपये मिळवणाऱ्या कुटुंबाचा विचार करा. वर हिशेब केलेली चाळीस हजारांची दोन कर्जे त्याच्यावर असतील तर हप्ते ४,२३० रुपये होतात आणि नियमात बसतात. तिसरे तसेच कर्ज दिले तर हप्ते ६,३४५ वर जातात आणि मर्यादा ओलांडतात. मुळात १२,००० रुपयांतून सहा हजार हप्त्यात गेल्यावर उरलेल्या सहा हजारांत चार-पाच माणसे जेवणार कशी, हा प्रश्न आहेच. माझ्या मते कमी उत्पन्नाच्या घरांसाठी ही मर्यादा एक तृतीयांशावर आणायला हवी. त्याहून मोठी अडचण ही आहे की ते उत्पन्न १२,००० आहे हे ठरवतो कोण? कर्मचारी घरी येऊन विचारतो, अंदाज करतो आणि लिहितो. त्याला महिन्याचे उद्दिष्ट पूर्ण करायचे असते. त्याने १२,००० च्या जागी १५,००० लिहिले, की तिसरे कर्ज नियमात बसते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने चार वित्त कंपन्यांना नवी कर्जे देण्यास मनाई केली, तेव्हा जास्त व्याज आकारण्याबरोबरच मायक्रोफायनान्स कर्जांत कुटुंबाच्या उत्पन्नाचे आणि चालू हप्त्यांचे नियमानुसार मूल्यमापन न करणे हेही कारण तिने नोंदवले होते. कारवाई योग्यच होती. मात्र ज्या घरांना नियम मोडून कर्जे दिली गेली असतील, त्या घरांचे हप्ते त्या दिवशीही चालूच राहिले. नियम मोडला देणाऱ्याने. त्याबद्दल त्याला बोलणी बसली ती नियामकाकडून. कर्जदार बाईच्या पदरात काहीच पडले नाही.

या ठिकाणी आपल्याच इतिहासातली एक गोष्ट उपयोगी पडेल. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते जाळली, आणि पुणे-नगर भागात उठाव पसरला. त्यानंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी ऋणमुक्तीचा कायदा झाला. त्या कायद्याने न्यायालयाला असा अधिकार दिला, की समोर आलेल्या खतावरचा आकडा प्रमाण न मानता त्या कर्जाचा मूळ इतिहास तपासावा: प्रत्यक्षात किती रक्कम दिली, व्याजात काय काय मिसळले, किती फिटले. त्याच्याही आधीपासून आपल्याकडे दामदुपटीचा संकेत होता. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये हे तत्त्व मुंबई इलाख्यातली न्यायालयेही मानत. दोन्हींच्या मुळाशी एकच विचार होता, की कर्ज हा दोघांचा व्यवहार आहे आणि देणाऱ्याने तो कसा केला याचीही झडती घेता आली पाहिजे.

हाच विचार मायक्रोफायनान्सला लावावा. तिसरे कर्ज देण्याच्या दिवशी पतनोंदीत आधीची दोन कर्जे दिसत होती आणि तरी ते दिले गेले असेल, तर ते मर्यादेबाहेरचे कर्ज आहे असे तक्रार निवारण यंत्रणेला ठरवता यावे, आणि तसे ठरले तर त्या कर्जावर व्याज मिळू नये, त्याची मुद्दल आधीची दोन कर्जे फिटल्यावरच मागता यावी, आणि तोवर त्या बाईची थकबाकीदार म्हणून नोंद होऊ नये. उत्पन्न कसे ठरवले याचा कागद मराठीत, कर्जदाराच्या सहीनिशी किंवा अंगठ्यानिशी, तिच्याकडे असावा. आणि हप्त्यांचा तक्ता त्या घराच्या मिळकतीच्या वेळा पाहून आखलेला आहे, हे दाखवण्याची जबाबदारीही देणाऱ्याचीच असावी. यात कर्जमाफी नाही; पहिल्या दोन कर्जांना, जी नियमाने दिली होती, कोणताच धक्का लागत नाही. उलट त्यांची वसुली सुरक्षित होते, कारण आज त्या प्रामाणिक कर्जांचे हप्ते तिसऱ्या कर्जाच्या भाराखालीच बुडतात.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा, की मग कंपन्या कर्जच देणार नाहीत आणि बाई पुन्हा सावकाराच्या दारात जाईल. आक्षेप खरा आहे आणि काही घरांबाबत तसे होईलही. पण तिसरे आणि चौथे कर्ज जेव्हा पहिल्या-दुसऱ्याचे हप्ते भरण्यासाठी घेतले जाते, तेव्हा ते न मिळाल्याने त्या घराचे नुकसान होत नाही. उलट आधीच्या कंपनीला हप्ते पुढे ढकलायला बसून बोलणी करावी लागतात, आणि ती बोलणी जितकी लवकर होतील तितके बरे. उरतो तो खरा अडलेला प्रसंग, रात्रीतून दवाखान्यात भरायच्या पैशांचा. त्यासाठी महाराष्ट्रात कंपन्यांच्या आधीपासून एक व्यवस्था आहे. राजगुरुनगरच्या चैतन्य संस्थेने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बायकांचे बचत गट बांधायला सुरुवात केली, नाबार्डने १९९२ मध्ये गटांना बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम हाती घेतला, महिला आर्थिक विकास महामंडळ आणि नंतर ‘उमेद’ हे राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान यांनी तो गावोगाव नेला. म्हसवडच्या बायकांनी तर १९९७ मध्ये स्वतःची माणदेशी महिला सहकारी बँकच उभी केली. गटात आधी बचत होते, मग त्या बचतीतून कर्ज. व्याज गटाच्याच खात्यात जमा होते. कोणाला किती द्यायचे हे त्याच बायका ठरवतात, आणि पैसे त्यांचे स्वतःचे असल्यामुळे कोणाला झेपणार नाही याचाही त्या विचार करतात.

बचत गटांचे दोष मी झाकत नाही. अनेक गट अनुदानासाठी कागदावर उभे राहिले, पुस्तके लिहायला माणूस नाही म्हणून बंद पडले, आणि बँकेच्या शाखेत गटाचा कर्ज प्रस्ताव महिनोन्महिने पडून राहतो तेव्हा त्या बायका कंपनीकडे वळतात, यात त्यांचा काय दोष? सरकारी योजनेत गटाला तीन लाखांपर्यंत सात टक्क्यांनी कर्ज मिळण्याची सोय आहे, पण तातडीच्या वेळी सात टक्क्यांचे कर्ज तीन महिन्यांनी मिळणार असेल तर त्यापेक्षा २४ टक्क्यांचे तीन दिवसांत मिळणारे कर्ज कोणीही घेईल. त्यामुळे राज्याने पैसा घालायचा असेल तर तो गटाचे हिशेब नीट ठेवणाऱ्या बायकांच्या मानधनात आणि गटांच्या ग्रामसंघाकडे अडीअडचणीसाठी राहणाऱ्या निधीत घालावा, जो त्याच रात्री हातात देता येईल आणि ज्याची फेड त्या घरात मजुरी येईल तेव्हा, दूधबिल येईल तेव्हा किंवा फडावरून माणसे परत येतील तेव्हा करता येईल.